ऑल्डर्ली एजचे तांबे

ऑल्डर्ली एज हा इंग्लंडच्या चेशर परगण्यातला वालुकाश्माचा एक लांबट कडा आहे. मँचेस्टर शहराच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर, चेशरच्या सपाट मैदानातून तो एकदम वर उठतो. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे २०० मीटर आहे. उत्तरेकडची बाजू तुटलेली आणि झाडीने झाकलेली आहे, तर दक्षिणेकडे शेतजमीन हलक्या उताराने पसरलेली आहे. या कड्याच्या खडकात तांब्याची खनिजे विखुरलेली आढळतात. तांब्याच्या जागतिक उत्पादनात हा निक्षेप नगण्य ठरतो. एकोणिसाव्या शतकात, म्हणजे खाणकाम सर्वांत जोरात होते तेव्हा, वीस वर्षांत येथून तीन हजार टनांहून थोडे अधिक तांबे निघाले. चिलीतील सर्वांत मोठी खाण आज तेवढे तांबे एखाद-दोन दिवसांत काढते.

असे असूनही जवळजवळ चार हजार वर्षांच्या काळात माणसे येथे पुन्हा पुन्हा खणायला आली. कांस्ययुगातील लोक आले, रोमन आले, अठराव्या शतकातील व्यापारी आले आणि शेवटी रसायनशास्त्र जाणणारे खाणमालक आले. या सर्व काळात खडक तोच होता. त्यातला कोणता भाग उपसण्याजोगा आहे, हे मात्र प्रत्येक पिढीने आपापल्या अवजारांनुसार आणि बाजारभावानुसार ठरवले. ज्या खडकातून धातू काढणे परवडते त्याला धातुक म्हणतात. म्हणजे धातुक ठरण्यासाठी खनिज असणे पुरेसे नाही, ते काढणे परवडावेही लागते. ऑल्डर्ली एजसारख्या लहान आणि कमी प्रतीच्या निक्षेपात ही गोष्ट मोठ्या खाणींपेक्षा अधिक स्पष्ट दिसते, कारण येथे परवडणे आणि न परवडणे यांतले अंतर नेहमीच थोडे राहिले.

खडकांची जडणघडण

कड्याचे खडक ट्रायासिक काळातले, म्हणजे सुमारे २४ ते २५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्या वेळी आजच्या ब्रिटनचा भूभाग विषुववृत्ताच्या बराच जवळ, उष्ण आणि कोरड्या पट्ट्यात होता. कवच ताणले गेल्यामुळे जमिनीचे काही पट्टे खचत होते आणि अशाच एका खोलगट भागाला आज चेशर द्रोणी म्हणतात. दक्षिणेकडून येणाऱ्या नद्या या द्रोणीत वाळू आणि गोटे आणून टाकत. नद्या आटल्या की वारा तीच वाळू उडवून टेकड्या रचत असे. या गाळापासून हेल्सबी वालुकाश्म नावाचा खडकसमूह तयार झाला. त्यात जाड कणांचे वालुकाश्म आणि गोट्यांचे पिंडाश्म यांचे थर आहेत आणि मधूनमधून पंकाश्माचे पातळ थर आहेत.

पुढे नद्यांची जागा उथळ, खारट सरोवरांनी आणि चिखलाच्या मैदानांनी घेतली. वालुकाश्मावर लालसर पंकाश्माची जाड चादर पसरली. पाण्याचे बाष्पीभवन होत गेल्याने या पंकाश्मात जिप्सम आणि सैंधवाचे थर साचले. चेशरमध्ये विन्सफर्ड येथे आजही जमिनीखालून जे मीठ काढले जाते ते याच काळातले आहे. तांब्याच्या कथेत या मिठाचा वाटा महत्त्वाचा आहे.

वालुकाश्म सच्छिद्र असतो, त्याच्या कणांमधून पाणी सहज वाहते. पंकाश्म मात्र पाण्याला अडवतो. त्यामुळे खाली पाणी वाहून नेणारा थर आणि वर त्याला रोखणारे झाकण अशी रचना तयार झाली. त्यानंतर भूकवचातील हालचालींमुळे या थरांमध्ये विभंग पडले. दोन विभंगांच्या मधला एक ठोकळा आजूबाजूच्या खडकांपेक्षा वर राहिला आणि ऑल्डर्लीचा कडा हा त्याच उंचावलेल्या ठोकळ्याचा भाग आहे. मुख्य विभंगांशिवाय या ठोकळ्यातून अनेक लहान विभंगही जातात. काही ठिकाणी खडक विभंगाच्या बाजूने घसरल्यामुळे वालुकाश्मासमोर पंकाश्म आला आणि पाण्याची वाट बाजूनेही बंद झाली. तांबे नेमके अशाच कोंडलेल्या जागांत साठलेले आढळते.

तांबे आले कसे

जगातील अनेक मोठे ताम्रनिक्षेप ज्वालामुखींखालच्या शिलारसाशी निगडित आहेत. ऑल्डर्ली एजच्या परिसरात तसा शिलारसाचा मागमूस नाही. हा निक्षेप भूवैज्ञानिक ज्याला लाल थरांतील ताम्रनिक्षेप म्हणतात त्या प्रकारचा आहे. त्याच्या निर्मितीचे मुख्य टप्पे असे मांडले जातात.

वाळवंटी प्रदेशात साचलेल्या वाळूत लोहयुक्त खनिजांचे कण असतात. ऑक्सिजनयुक्त पाण्यामुळे ते हळूहळू कुजतात आणि त्यांच्यातील लोह वाळूच्या कणांवर गंजाचा पातळ थर होऊन बसते. खडकाला लाल रंग त्यामुळेच येतो. या कुजण्यात मूळ खनिजांतील तांबे, शिसे, कोबाल्ट यांचे अत्यल्प अंश मोकळे होतात आणि काही काळ त्या लोह-ऑक्साइडाला चिकटून राहतात. द्रोणी खचत जाऊन गाळ खोल पुरला गेला, तापमान वाढले आणि खडकातील पाणी मिठामुळे तीव्र खारे झाले. क्लोराइडने भरलेल्या आणि ऑक्सिजनयुक्त अशा पाण्यात तांबे चांगले विरघळते. अशा पाण्याने मोठ्या क्षेत्रातले विखुरलेले तांबे धुऊन गोळा केले आणि दाबाखाली ते विभंगांच्या वाटेने वर सरकू लागले.

हे पाणी उंचावलेल्या ठोकळ्याच्या माथ्याशी, पंकाश्माच्या झाकणाखाली येऊन अडले. तेथे त्याची गाठ वेगळ्या रासायनिक परिस्थितीशी पडली. त्या जागी ऑक्सिजन नव्हता आणि क्षपण घडवणारे पदार्थ, बहुधा खोलातून आलेले हायड्रोकार्बन वायू व द्रव, होते असे मानले जाते. त्यांच्या प्रभावाने सल्फेटचे रूपांतर सल्फाइडमध्ये झाले आणि विरघळलेले तांबे सल्फाइड खनिजांच्या रूपात वाळूच्या कणांमध्ये बसले. खाणीच्या आसपासचा वालुकाश्म पुष्कळ जागी लाल नसून पांढुरका किंवा पिवळट आहे, तो याच क्षपणामुळे. लोहाचा लाल थर तेथून धुतला गेला आहे. तांब्याच्या सोबतीने बॅराइट हे जड पांढरे खनिजही मोठ्या प्रमाणात तयार झाले. ते वालुकाश्माला सिमेंटसारखे बांधून ठेवते. विभंगांच्या कडेचे असे घट्ट झालेले खडक झिजेला अधिक टिकतात.

खनिज साठल्यानंतरही बदल थांबले नाहीत. वरचे पंकाश्म झिजून गेले, कडा उघडा पडला आणि पावसाचे पाणी व हवा खडकात शिरू लागली. चॅल्कोपायराइट आणि बोर्नाइट ही सल्फाइड खनिजे त्यामुळे कुजली आणि त्यांच्या जागी हिरवा मॅलॅकाइट व निळा ॲझुराइट ही तांब्याची कार्बोनेट खनिजे तयार झाली. चॅल्कोपायराइटात वजनाने सुमारे ३५ टक्के तांबे असते, तर मॅलॅकाइटात सुमारे ५७ टक्के. खडकातील एकूण तांबे या बदलाने वाढले नाही, पण ते डोळ्यांना दिसू लागले आणि काढायलाही सोपे झाले. शिशाच्या गॅलेनाचेही असेच रूपांतर होऊन सेरुसाइट आणि पायरोमॉर्फाइट ही खनिजे तयार झाली. कोबाल्ट हा मँगनीजच्या काळ्या, मातकट ऑक्साइडांत अडकून राहिला.

निक्षेपाचे दोन प्रकार

खाणकामगारांच्या दृष्टीने येथे दोन तऱ्हेचे धातुक होते. पहिला प्रकार विभंगांच्या लगतचा. इंजिन व्हेन ही अशी सर्वांत प्रसिद्ध शिरा आहे. येथे खनिज एका जवळजवळ उभ्या, अरुंद पट्ट्यात साठलेले आहे. तो पट्टा थेट भूपृष्ठावर उघडा पडतो, त्यात तांब्याचे प्रमाण तुलनेने जास्त आहे आणि हिरव्या डागांमुळे तो लांबूनही ओळखता येतो. दुसरा प्रकार थरांत पसरलेला. वेस्ट माइन आणि वुड माइन या खाणींत विभंगापासून दूर, पिंडाश्माच्या व जाड कणांच्या वालुकाश्माच्या थरांत तांबे पसरले आहे. त्याचा एकूण साठा मोठा आहे, पण प्रत्येक टन खडकात सरासरी दोन टक्क्यांच्या आसपासच तांबे मिळते आणि तेही वाळूच्या कणांभोवती बारीक लेपाच्या रूपात.

हा फरक पुढच्या सगळ्या इतिहासाचा पाया आहे. शिरांतले तांबे दगडी हातोडे आणि तीक्ष्ण नजर असणाऱ्यालाही मिळवता आले. थरांतले तांबे मात्र रसायनशास्त्राची मदत मिळेपर्यंत जमिनीतच राहिले.

कांस्ययुगातील खणती

१८७० च्या दशकात खाणकामगारांना आणि स्थानिक अभ्यासकांना कड्यावरच्या जुन्या खड्ड्यांच्या भरावात विचित्र दगड मिळू लागले. ते गोलसर, कठीण गोटे होते. मधोमध चहूबाजूंनी खाच पाडलेली होती आणि टोके आपटून झिजलेली होती. मॅकल्सफील्डचे जे. डी. सेंटर यांनी त्यांची नोंद केली आणि विख्यात भूवैज्ञानिक विल्यम बॉइड डॉकिन्स यांनी १८७५ मध्ये त्यांची पाहणी करून हे प्रागैतिहासिक खाणकामाचे हातोडे आहेत असे प्रतिपादन केले. मधल्या खाचेत लवचीक फांदी किंवा चामड्याची वादी गुंडाळून त्यांना दांडा बसवला जाई. गोटे स्थानिक वालुकाश्माचे नव्हते. हिमयुगातील हिमनद्यांनी दूरच्या प्रदेशांतून आणून चेशरमध्ये टाकलेल्या कठीण खडकांचे ते होते. वालुकाश्म फोडायला त्यापेक्षा कठीण दगड लागतो आणि तो येथे आयताच उपलब्ध होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स रोडर यांनीही येथे उत्खनन केले. तरीही या खणतीचा काळ बराच काळ वादाचा राहिला. दगडी हातोडे केवळ आकारावरून कांस्ययुगीन ठरत नाहीत, कारण साधी अवजारे कुठल्याही काळात वापरली जाऊ शकतात. त्यामुळे नंतरच्या काही अभ्यासकांनी बॉइड डॉकिन्स यांच्या निष्कर्षावर शंका घेतली. कालमापन करता येईल असे काही सेंद्रिय साहित्य त्या अवजारांसोबत मिळणे आवश्यक होते.

असे साहित्य खरे तर १८७५ मध्येच सापडले होते. ब्रिंडलो भागातील जुन्या खणतीत कामगारांना ओकच्या लाकडाचे एक फावडे मिळाले होते आणि सेंटर यांनी त्याचे चित्र छापले होते. पुढे ते फावडे विस्मरणात गेले. १९५३ मध्ये लेखक ॲलन गार्नर यांनी, ते स्वतः तरुण असताना, ते आपल्या जुन्या शाळेत ओळखले आणि जपून ठेवले. चार दशकांनंतर त्यांनी ते मँचेस्टर संग्रहालयाला दाखवले. किरणोत्सर्गी कार्बनच्या साहाय्याने केलेल्या मापनात फावड्याचे वय इ.स.पू. १८८८ ते १६७७ या दरम्यान निघाले. हातोड्यांच्या काळाविषयीचा वाद त्यामुळे बऱ्याच अंशी मिटला. १९९६ पासून मँचेस्टर संग्रहालय आणि नॅशनल ट्रस्ट यांनी संयुक्तपणे चालवलेल्या प्रकल्पात, जॉन प्रॅग यांच्या नेतृत्वाखाली, कड्याचा सर्वांगीण अभ्यास झाला. सायमन टिंबरलेक यांनी इंजिन व्हेनवर केलेल्या उत्खननातून मिळालेल्या कोळशाचे वयही कांस्ययुगाच्या आरंभीच्या काळातलेच आहे.

कांस्ययुगातील खाणकामाची पद्धत निक्षेपाच्या स्वरूपाशी नेमकी जुळणारी होती. उघड्या शिरेवर एकापाठोपाठ एक खड्डे खणले जात आणि हिरव्या खनिजाचा मागोवा घेत खाली जाता येई तेवढे ते खोल नेले जात. ऑल्डर्लीचा वालुकाश्म ठिसूळ आहे, त्यामुळे हातोड्याने तो बऱ्यापैकी फुटतो. फुटलेल्या खडकातून मॅलॅकाइटचे हिरवे कण हाताने निवडता येतात. मॅलॅकाइट वाळूपेक्षा जड असल्याने पाण्यात धुऊनही वेगळा करता येतो. निवडलेले खनिज लोणारी कोळशासोबत जाळून धातू मिळवणे सल्फाइड खनिजांच्या तुलनेत सोपे असते, कारण आधी भाजून गंधक घालवावे लागत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधील इतर प्राचीन ताम्रखाणी, उदाहरणार्थ वेल्समधील ग्रेट ऑर्म किंवा कमिस्टविथ, मुख्यतः चुनखडक वा जुन्या कठीण खडकांत आहेत. ट्रायासिक वालुकाश्मातील कांस्ययुगीन खाण म्हणून ऑल्डर्ली एज वेगळी ठरते.

रोमन खड्डा आणि नाण्यांचा साठा

१९९५ मध्ये डर्बीशर केव्हिंग क्लबच्या सदस्यांना इंजिन व्हेनजवळ बुजलेल्या एका खड्ड्याच्या वरच्या भरावात मातीचे भांडे मिळाले. त्यात ५६४ रोमन नाणी होती. ती इ.स. ३१७ ते ३३६ या काळातली आहेत. नाण्यांपेक्षा महत्त्वाचा ठरला तो खुद्द खड्डा. पुढील उत्खननात तो सुमारे बारा मीटर खोल, चौकोनी आणि काटेकोरपणे तासलेला असल्याचे दिसले. तळाशी मिळालेल्या लाकडाच्या कालमापनावरून तो रोमन अमलाच्या सुरुवातीच्या सुमारास खणला गेला असावा. नाणी पुरली गेली त्या वेळी तो केव्हाच वापरातून गेला होता आणि बराचसा बुजला होता.

रोमन काळात ब्रिटनमध्ये तांब्याच्या खाणी असल्याचे पुरावे फार थोड्या ठिकाणी मिळतात. उभा, चौकोनी आणि खोल खड्डा खणून शिरेपर्यंत पोहोचणे हे उघड्या शिरेवर खड्डे खणण्यापेक्षा वेगळे तंत्र आहे. त्यात भूपृष्ठावर दिसणाऱ्या शिरेचा जमिनीखालचा विस्तार आधी अंदाजावा लागतो आणि मग त्या अंदाजावर भरवसा ठेवून खणावे लागते. हे काम किती काळ चालले आणि त्यातून किती तांबे निघाले याचा माग मात्र खडकात उरलेला नाही.

अठरावे शतक : चार्ल्स रो आणि पॅरिस पर्वत

लेखी कागदपत्रांत येथील खाणकामाचे उल्लेख सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मिळतात. अठराव्या शतकात निरनिराळ्या मंडळींनी जमीनदार स्टॅन्ली घराण्याकडून भाडेपट्टे घेतले आणि काही वर्षांनी सोडून दिले. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे नाव चार्ल्स रो यांचे आहे. मॅकल्सफील्डमध्ये रेशमाचा उद्योग उभारणाऱ्या रो यांनी १७५८ मध्ये तांबे वितळवण्याचा व्यवसाय सुरू केला आणि त्याच सुमारास ऑल्डर्ली एजचा पट्टा घेतला. मॅकल्सफील्ड येथून जवळ होते आणि कोळसाही परिसरात मिळत होता, त्यामुळे जवळचे धातुक वापरणे साहजिक होते.

दहा वर्षांनी, १७६८ मध्ये, त्यांनी हे काम सोडले. कारण ऑल्डर्लीत नव्हते, वेल्सच्या अँगल्सी बेटावर होते. रो यांच्या कंपनीने तेथील पॅरिस पर्वतावरही पट्टा घेतला होता. तेथे अनेक वर्षे यश येत नव्हते आणि काम थांबवण्याची वेळ आली होती, तोच मार्च १७६८ मध्ये भूपृष्ठाच्या अगदी जवळ तांब्याचा प्रचंड साठा लागला. पॅरिस पर्वत लवकरच युरोपातील सर्वांत मोठ्या ताम्रखाणींपैकी एक बनला आणि इंग्लंडमधल्या तांब्याच्या भावावर त्याचा प्रभाव पडला. अशा खाणीपुढे ऑल्डर्लीच्या शिरा टिकणे शक्य नव्हते. ऑल्डर्लीतल्या खडकात त्या वर्षी काहीही बदलले नव्हते, तरी आदल्या वर्षीचे धातुक दुसऱ्या वर्षी नुसता दगड ठरले.

कोबाल्ट आणि व्हॅनेडियम

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कड्यावरील काळ्या, मातकट खनिजाकडे लक्ष वळले. त्यात कोबाल्ट असल्याचे उघड झाले. चिनी मातीच्या भांड्यांवरील निळ्या रंगासाठी आणि निळ्या काचेसाठी कोबाल्टला मोठी मागणी होती आणि तो मुख्यतः सॅक्सनीतून आयात होई. नेपोलियनच्या युद्धांनी हा व्यापार अडला तेव्हा इंग्लंडमधील कुंभारकामाच्या उद्योगाला देशी कोबाल्ट हवा झाला. ऑल्डर्ली एजवर काही वर्षे कोबाल्टासाठी खणती झाली. युद्ध संपून आयात सुरळीत होताच ती ओसरली. शिशाचे खनिजही अधूनमधून काढले गेले, पण ते कधीच मुख्य उत्पादन झाले नाही.

याच खडकांनी रसायनशास्त्राला अनपेक्षित हातभार लावला. मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ हेन्री रॉस्को यांना १८६० च्या दशकात शेजारच्या मॉट्रम सेंट अँड्रू येथील धातुकावर प्रक्रिया करताना उरलेल्या अवशेषात व्हॅनेडियमची संयुगे पुरेशा प्रमाणात मिळाली. तोवर व्हॅनेडियम इतका दुर्मीळ मानला जात होता की त्याच्या गुणधर्मांचा नीट अभ्यासच झाला नव्हता. आधीचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी व्हॅनेडियम धातू म्हणून वर्णिलेला पदार्थ प्रत्यक्षात धातू नसून संयुग आहे हे रॉस्को यांनी दाखवून दिले आणि पुढे शुद्ध स्वरूपातला धातूही वेगळा केला. १८७६ मध्ये त्यांनी शिसे, तांबे आणि व्हॅनेडियम असलेल्या एका खनिजाला मॉट्रमाइट असे नाव दिले. अभ्यासलेला मूळ नमुना खरोखर मॉट्रमचा होता की श्रॉपशरमधील पिम हिल खाणीतून आणलेल्या धातुकातला होता, याविषयी नंतर शंका व्यक्त झाली आहे. नाव मात्र कायम राहिले.

आम्लाने सोडवलेले गणित : १८५७ ते १८७७

ऑल्डर्ली एजवरील खरे मोठे खाणकाम १८५७ मध्ये सुरू झाले. कॉर्नवॉलच्या खाणपरंपरेतून आलेले जेम्स मिशेल यांनी वेस्ट माइनमधील थरांत पसरलेल्या तांब्याकडे लक्ष वळवले. आधीच्या पिढ्यांनी ते सोडून दिले होते, त्याला सबळ कारण होते. दोन टक्के तांब्यासाठी उरलेली अठ्ठ्याण्णव टक्के वाळू भट्टीत घालून वितळवणे म्हणजे कोळशाची नासाडी. दळून, धुऊन खनिज वेगळे करावे तर वाळूच्या कणांवरचा बारीक लेप पाण्याबरोबर वाहून जाई.

मिशेल यांनी दळलेला वालुकाश्म लाकडी टाक्यांत भरून त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडण्याची पद्धत वापरली. मॅलॅकाइट आणि ॲझुराइट अशा आम्लात चटकन विरघळतात, क्वॉर्ट्झच्या वाळूवर मात्र त्याचा काही परिणाम होत नाही. तांब्याचे हिरवट द्रावण वेगळे काढून भंगार लोखंडाने भरलेल्या टाक्यांत सोडले जाई. तेथे लोखंड विरघळत जाई आणि त्याच्या जागी तांबे लालसर चुऱ्याच्या रूपात खाली बसे. तो चुरा गोळा करून वितळवण्यासाठी पाठवला जाई.

ही पद्धत याच ठिकाणी आणि याच काळात यशस्वी होण्यामागे दोन कारणे होती. पहिले भूवैज्ञानिक आहे. हवापाण्याच्या परिणामाने सल्फाइडांचे कार्बोनेटात झालेले रूपांतर नसते तर सौम्य आम्लाने तांबे सुटले नसते. दुसरे कारण औद्योगिक आहे. शेजारच्या लँकशायरमध्ये, विडनेस आणि सेंट हेलेन्सच्या परिसरात, लब्लांक पद्धतीने सोडा तयार करणारे कारखाने होते. त्या पद्धतीत हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू नको असलेला उपपदार्थ म्हणून बाहेर पडे आणि आजूबाजूची शेती व झाडे करपून टाकी. १८६३ च्या अल्कली कायद्याने कारखान्यांना हा वायू पाण्यात शोषून घेणे भाग पाडले. त्यामुळे आम्ल मुबलक आणि स्वस्त झाले. चेशरचेच मीठ लँकशायरच्या कारखान्यांत जाऊन सोडा होत होते आणि त्यातून उरलेले आम्ल चेशरच्या तांब्यासाठी वापरता येत होते.

वीस वर्षांत दीड लाख टनांहून अधिक धातुक काढले गेले. वेस्ट माइनमध्ये खनिजयुक्त थर उपसून मोठमोठ्या दालनांसारख्या पोकळ्या तयार झाल्या. त्यांच्यामधून कित्येक किलोमीटर लांबीचे बोगदे गेले आणि रुळांवरून गाड्या धावू लागल्या. आम्लात धुतलेल्या वाळूचे ढीग खाणीबाहेर वाढत गेले. त्यांवर काही उगवत नसे आणि काम बंद पडल्यानंतरही कित्येक दशके ते परिसराची ओळख बनून राहिले. पुढे ती वाळू वाहून नेण्यात आली.

१८७७ मध्ये भाडेपट्टा संपला आणि काम थांबले. थरांतील चांगला भाग तोवर बराचसा संपला होता. शिवाय १८७० च्या दशकात परदेशी तांब्याची आवक वाढली आणि भाव घसरत गेला. पुढच्याच वर्षी यंत्रसामग्री विकून टाकण्यात आली. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे काम पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न झाले, पण ते अल्पकाळच टिकले.

खाणी बंद झाल्यावर

बंद पडलेल्या खाणी कुतूहलाचे आणि धोक्याचे ठिकाण बनल्या. मँचेस्टरहून रेल्वेने सहज येता येत असल्याने तरुणांचे गट मेणबत्त्या घेऊन आत शिरत. खोल खड्डे आणि एकसारखे दिसणारे बोगदे यांमुळे काहींचा जीवही गेला. १९६० च्या दशकात बहुतेक तोंडे बुजवण्यात आली. कड्याचा मोठा भाग १९४८ पासून नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. १९७० च्या दशकात डर्बीशर केव्हिंग क्लबने ट्रस्टकडून खाणींचा पट्टा घेतला, वुड माइन आणि वेस्ट माइन पुन्हा उघडल्या, नकाशे तयार केले आणि सुरक्षित प्रवेशाची व्यवस्था लावली. १९९५ मधील रोमन शोध या दीर्घ कामातूनच लागला. ॲलन गार्नर यांच्या १९६० सालच्या ‘द वियर्डस्टोन ऑफ ब्रिसिंगामेन’ या कादंबरीतील पाताळप्रवासाचा भाग याच खाणींवर बेतलेला आहे.

खाणकाम थांबल्यानंतर भूवैज्ञानिक अभ्यास मात्र वाढत गेला. सी. जे. कार्लन यांचे १९७९ मधील पुस्तक खाणींच्या इतिहासाचा आणि भूविज्ञानाचा एकत्र विचार करते. १९८० च्या दशकात खनिजांच्या सूक्ष्मदर्शकीय आणि गंधकाच्या समस्थानिकांच्या अभ्यासातून, तांबे शिलारसाऐवजी द्रोणीतील खाऱ्या पाण्याने आणले, या मताला भक्कम आधार मिळाला. १९९९ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने संपूर्ण चेशर द्रोणीवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात द्रोणीचे खचणे, द्रवांचे वहन आणि खनिजांची साठवण ही एकाच प्रक्रियेची अंगे म्हणून मांडली आहेत. बिकर्टन टेकड्यांतील गॅलंट्री बँक किंवा श्रॉपशरमधील पिम हिल येथील लहान निक्षेपही याच चौकटीत बसतात. बहुतेक सर्व जागी उंचावलेले ठोकळे, विभंग आणि पंकाश्माचे झाकण हीच त्रयी दिसते.

लहान निक्षेपाचे मोल

आजच्या मापदंडांनी ऑल्डर्ली एज खाणीयोग्य नाही. अनेक मोठ्या खाणींत तांब्याचे प्रमाण येथल्यापेक्षा कमी, एक टक्क्याच्याही खाली असते, पण त्यांचा साठा अब्जावधी टनांत मोजला जातो आणि उघड्या खाणीतून अजस्र यंत्रांनी तो काढता येतो. ऑल्डर्लीत प्रमाण बरे असले तरी साठा तुटपुंजा आहे, तो तुकड्यातुकड्यांत विभागलेला आहे आणि त्याच्या वर संरक्षित अरण्य आणि वस्ती आहे. कड्याचा भूवैज्ञानिक भाग विशेष वैज्ञानिक महत्त्वाचे स्थळ म्हणून घोषित असल्याने तेथे खणतीचा प्रश्नच उरत नाही.

भूविज्ञानासाठी मात्र अशा निक्षेपाचे महत्त्व त्याच्या आकारावर अवलंबून नसते. मध्य आफ्रिकेचा ताम्रपट्टा आणि पोलंडमधील कुप्फरशीफर हे जगातील अत्यंत मोठे ताम्रसाठेही गाळाच्या खडकांत, खाऱ्या पाण्याच्या वहनातून आणि क्षपणातून तयार झालेले आहेत. त्यांच्यातील प्रक्रिया हजारो चौरस किलोमीटरवर पसरलेल्या आणि पुढील हालचालींनी गुंतागुंतीच्या झालेल्या आहेत. ऑल्डर्ली एजमध्ये वाहून नेणारा थर, वाट देणारा विभंग, अडवणारे झाकण, मूळ सल्फाइड आणि त्यापासून बनलेले कार्बोनेट हे सर्व घटक काही शे मीटरच्या अंतरात पाहता येतात. त्यासाठी नवी खणती करावी लागत नाही, जुन्या खाणकामगारांनी उघड्या केलेल्या भिंती पुरतात. प्राचीन खाणकामाच्या अभ्यासकांनाही ही जागा तेवढीच उपयोगी आहे, कारण कांस्ययुगापासून विसाव्या शतकापर्यंतची खाणकामाची तंत्रे येथे एकाच खडकावर, एकमेकांशेजारी कोरलेली आहेत.